नसलेला आवाज

माशांना आवाज नसतो म्हणून माझ्या धाकट्या भावानं मासे पाळले, आणि घरात असा आवाज आणून ठेवला की माझे नि वहिनीचे कान किटले.

बाहेरच्या खोलीत, दारातून आत आलं की समोरच, पलंगाएवढी काचेची टाकी. वरचं पाणी काठावरच्या जाळीतून कोपऱ्यातल्या कप्प्यात सांडायचं, तिथून एका जाड पाइपानं खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत उतरायचं, गाळून स्वच्छ व्हायचं, आणि मोटर ते परत वर ढकलायची. मासे सुखात होते. फक्त तो पाइप पाण्याबरोबर हवाही ओढायचा. घळाघळा, गुटगुट, आणि मध्येच कुणीतरी मोठा आवंढा गिळावा तसं. घरी येणारा माणूस आधी न्हाणीघराच्या दाराकडे बघायचा आणि मग आमच्याकडे, जरा ओशाळून.

भावाला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्याचे कान गेलेत, हे सगळ्यांत शेवटी त्यानंच मान्य केलं. जन्मभर पाण्याच्या पंपांचा फिटर होता तो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि मोटर न उघडता सांगायचा, मागचं बेअरिंग गेलंय. दुसरा हात मोटरीवर नुसता ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. त्या गडगडाटात उभं राहताना कानात बोळे तरी घाल, असं मी शंभरदा सांगितलं. म्हणायचा, "ताई, बोळे घातले तर ऐकू काय?" पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ऐकायचंच राहिलं नाही.

आधी त्यानं फोन उचलणं सोडलं. मग चारचौघांत सगळे हसले की तोही हसायचा, जरा उशिरा. एकदा शेजारीण आपल्या बहिणीच्या आजारपणाचं सांगत होती आणि हा हसला. खोलीत सगळे गप्प झाले, तेव्हा त्याला कळलं. त्या दिवसापासून कुणी आलं की तो आतल्या खोलीत जायचा, आणि मग कुणी नसलं तरी तिथंच. कानाचं मशीन घे म्हटलं तर वहिनीकडे बोट दाखवायचा. "ही आहे की." दाराची घंटा वाजली का, डॉक्टर काय म्हणाले, कुकरची शिट्टी झाली का, हे सगळं तो तिच्या तोंडाकडे बघून विचारायचा. तिनं सांगितलेल्यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. पण तेही कामापुरतं. उत्तर मिळालं की नजर खाली, आणि पुन्हा खोली.

नवरा गेल्यापासून मी त्यांच्याकडे राहते, तेव्हा हे सगळं मी समोर बसून पाहिलंय. वहिनीला दुसरं काही नको होतं. बाई कधी साडी मागणारी नाही, कुठं फिरायला न्या म्हणणारी नाही. तिला फक्त तो माणूस त्या खोलीतून बाहेर यायला हवा होता, पूर्वीसारखा बडबड करत. एकदा भाजी निवडताना मला म्हणाली, "ताई, मी यांची बायको कमी आणि दारावरची घंटा जास्त झालेय." मी काहीतरी थट्टेवारी नेलं.

पाइपाची तक्रार तिनं केली तीसुद्धा वैतागून. तो माशांना खायला घालत होता. तिनं त्याचा दंड धरला, टाकीकडे बोट दाखवलं, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि डोळे घट्ट मिटले. त्याला आधी कळेना. मग त्यानं कपाटाचं दार उघडून पाइपावर पंजा ठेवला, आणि माझ्या भावाच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं काहीतरी आलं.

"थरथरतोय," तो म्हणाला. "हवा खातोय साला. अगं, मग आधी नाही का सांगायचं?"

त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत राहायला आला म्हटलं तरी चालेल. हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली आली. वहिनीसाठी टाकीसमोर एक स्टूल मांडलं गेलं. तो म्हणाला, "तू माझे कान. पाच बोटं म्हणजे डोकं उठतंय. मूठ म्हणजे शांत." आणि मग तो काहीतरी फिरवायचा, कापायचा, वर-खाली करायचा आणि मान वळवून तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचा. "आता?" ती बोटं दाखवायची. "आता?" मी सोफ्यावर बसून हे नाटक बघायची आणि म्हणायची, तुमच्या लग्नातसुद्धा यानं तुझ्याकडे इतकं पाहिलं नव्हतं गं. वहिनी लाजायची. या वयात!

पहिल्यांदा त्यानं पाइपाचं खालचं टोक बघितलं. ते खालच्या टाकीतल्या पाण्यात खोल बुडालं होतं, त्यामुळे आत अडकलेली हवा उचक्या देत बाहेर पडायची. त्यानं तेवढा तुकडा कापून टोक पाण्याला जेमतेम टेकेल असं केलं. पाचाची चार बोटं झाली. मग वरच्या तोंडाला झाकण बसवून त्याला बारीक भोक पाडलं, हवा दमादमानं आत यावी म्हणून. तीन बोटं. मग तो म्हणाला, असल्या मलमपट्टीनं भागायचं नाही, आणि अख्खी जोडणीच बदलली. एकाऐवजी दोन पाइप. पहिल्याला खाली व्हॉल्व्ह लावून तो इतका आवळायचा की पाइप पाण्यानं गच्च भरून वाहील आणि हवेला शिरायला जागाच उरणार नाही. दुसरा जरा उंच, कोरडा ठेवलेला. पहिला तुंबलाच तर पाणी जमिनीवर न येता त्यातून जावं.

आणि हे करताना तो बोलत होता! कुठल्याशा पंपघरात साप निघाला होता ती गोष्ट, साहेबानं मोटर उलटी जोडली आणि वर शहाणपणा केला ती गोष्ट. वहिनीनं त्या सगळ्या आधी ऐकलेल्या होत्या, तरी ती तोंड उघडं टाकून ऐकायची. हसायची. तिचं हसणं बघून तोही हसायचा, आणि अजिबात उशिरा नाही. जेवायला हाक मारली की दोघं हात पुसत बरोबर यायची आणि ताटावरही व्हॉल्व्हच्या आट्यांचं चालू. माझ्या जिवात जीव आला होता. मी मनात म्हणायची, त्या पाइपाचं भलं होवो.

मग ती दुपार आली. तो व्हॉल्व्ह केसाकेसानं फिरवत होता, पंजा पाइपावर, डोळे वहिनीवर. घळाघळा बारीक झालं, मग कुठंतरी लांब गेलं, आणि मग थांबलं. अगदी थांबलं. मला स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू यायला लागला. रस्त्यावरून कुणीतरी चाललं होतं त्याच्या चपला ऐकू आल्या.

"आता?" भावानं विचारलं.

वहिनी स्टुलावर बसली होती. तिनं एकदा पाइपाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आणि दोन बोटं वर केली.

मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. "तुझेही कान गेले का गं?"

ती चहाच्या भांड्यात बघत राहिली. "मूठ दाखवली की ते पेटी उचलतील, ताई. आणि आत जातील."

"म्हणून खोटं?"

"दोन दिवस. आणखी दोन दिवस बोलू देत त्यांना."

मी चिडले होते, पण ती इतक्या गरिबीनं म्हणाली की मी मुकाट्यानं कप काढायला लागले. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या गोष्टी हव्या होत्या.

पण मासे आणि माणसं दोघांनाही एक नियम लागू आहे, अति तिथे माती. भाऊ कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं खालच्या टाकीत वाकून पाहिलं, बुडबुडा एक नाही. पाइपाला थरथर नाही. तरी बायको म्हणते आवाज आहे, म्हणजे आहेच, म्हणजे दुसरीकडून येत असणार. तिच्यावर शंका घ्यायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. तो जाळीवरून सांडणाऱ्या पाण्याच्या मागे लागला, कप्प्यातली पातळी वाढवली, म्हणजे पाणी उंचावरून पडायला नको. कपाटाखाली रबर घातलं. पाइप भिंतीला लागत होता तिथं स्पंज कोंबला. वहिनी दोनावरून एकावर आली आणि तिथंच थांबली. एक बोट.

"कसा आहे पण?" त्यानं विचारलं. "घळघळ? टपटप?"

आता काय सांगावं? पाण्याचे सगळे आवाज संपले होते. ती घाबरली, इकडेतिकडे पाहिलं, आणि ओठ लांब करून म्हणाली, "घूं होतं. बारीक."

मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. उशीर झाला होता. भावाचा चेहरा गंभीर झाला.

"मोटर," तो म्हणाला.

त्यानं मोटर पाण्यातून काढली. टेबलावर वर्तमानपत्र पसरून खोलली, पंखा काढून जुन्या दातांच्या ब्रशनं घासला, दांडी पुसली, सगळं बसवलं. एका बादलीत पाणी घेऊन त्यात ती चालू केली आणि दोन्ही पंज्यांत धरून बसला. डोळे मिटून. मी त्याला असं मोठमोठ्या पंपांपाशी बसलेलं पाहिलंय, आणि त्याच्या तोंडून निकाल ऐकायला माणसं ताटकळत उभी असायची.

"लोण्यासारखी चालतेय," तो म्हणाला. डोळे उघडून वहिनीकडे पाहिलं. "नाही?"

तिथं तिनं मूठ वळायला हवी होती. मी तिच्या पाठीमागून तिला चिमटा काढला. तिचा हात वर आला, आणि मला वाटतं तिला मूठच दाखवायची होती. पण तो इतका जवळ बसला होता, गुडघ्याला गुडघा लागेल असा, बाह्या वर सारलेल्या, हातांवरून पाणी ओघळतंय, आणि सगळा जीव डोळ्यांत आणून तिच्या हाताकडे बघत होता. मोहापुढे भल्याभल्यांचं चालत नाही. एक बोट वर राहिलं.

त्यानं मोटर पुन्हा हातात घेतली. बराच वेळ धरली. मग कानामागच्या हाडाला स्क्रू-ड्रायव्हर लावून बघितलं, मग दातांत धरून बघितलं. मग बादलीतून हात काढले आणि नुसते समोर धरून बसला.

"मला लागत नाहीये," तो म्हणाला. "मोटर हातात आहे, आणि ती घूं करतेय, आणि मला लागत नाहीये."

वहिनीनं त्याच्यापुढे फडकं धरलं.

"कान गेले तेव्हा म्हटलं, ठीक आहे, हात आहेत." तो उठला. हात पँटला पुसले. "आता आहे काय मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मासेवाल्याच्या दुकानात जाऊन आला. परतला तेव्हा सोबत मोठी झाकणाची डबडी होती, मासे न्यायची. वहिनीच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि मूठ दाखवायला लागली. एक हात, मग दोन्ही. दोन्ही मुठी त्याच्या तोंडासमोर धरून ती रडत होती. "शांत आहे हो! कधीचं शांत आहे! मी खोटं सांगितलं!"

त्यानं तिच्या ओठांकडे पाहिलं आणि तिचे हात अलगद खाली केले. "राहू दे. वाईट नको वाटून घेऊस."

"ताई, तुम्ही सांगा ना!"

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. हो, पाइप शांत आहे, मोटर शांत आहे, ही वेडी तुला बाहेर बसवायला म्हणून बोटं दाखवत होती. गळा दुखेस्तोवर ओरडले. शेजारणीनं दार उघडून पाहिलं.

"उंदराला मांजर साक्ष," तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. मग ते हसणं अर्ध्यावर राहिलं. त्यानं वहिनीकडे पाहिलं, माझ्याकडे, पुन्हा तिच्याकडे, आणि मला दिसलं की त्याला आता कळायला लागलंय. आमचं म्हणणं खरंही असू शकतं, हे त्याच्या ध्यानात आलं. मला वाटलं, सुटलो! आता चिडेल, आदळआपट करेल, दोन दिवस बोलणार नाही, पण हातांवरचा विश्वास तरी परत येईल.

तो चिडला नाही. खुर्चीवर बसला आणि तिला समोर बसवलं.

"मग तेव्हा खोटं बोललीस, की आता बोलतेयस?"

"तेव्हा. देवाशपथ, तेव्हा."

"हं." त्यानं मान डोलावली. "आता बोलत असतीस, तरी हेच म्हणाली असतीस ना?"

तिनं पुन्हा मूठ वळली, आणि ती तशीच मांडीवर ठेवली.

"अगं, मला राग नाही आला," तो म्हणाला, आणि तो खरंच रागावलेला नव्हता, तेच वाईट होतं. "पण मी खरंखोटं करू कशानं? माझ्याकडे दुसरे कान नाहीत. मी तुलाच विचारायचो ना सगळं."

मासे त्या दिवशी गेले. टाकी काही दिवस रिकामी उभी होती, मग तीही कुणी घेऊन गेलं. जमिनीवर तिच्या पायांचे ठसे राहिले होते, वहिनीनं ते घासून काढले. घर शांत झालं हे सांगायला नकोच. मी शिव्या कुणाला देऊ? एकीनं प्रेमापोटी केलं आणि दुसऱ्यानं विश्वासापोटी सोसलं. दोघांपैकी एक जरी वाईट असता, तर मला भांडायला बरं पडलं असतं. मी भांडखोर बाई आहे, आणि त्या महिन्यात मला भांडायला माणूस मिळालं नाही.

भावाचं वागणं तेच होतं वरवर. जेवायला यायचा, भाजी छान झालीय म्हणायचा. फक्त तो तिला काही विचारायचा नाही. दाराची घंटा वाजली का ते बघायला स्वतः उठून जायचा, वाजलेली नसली तरी. दार उघडायचा, रिकाम्या जिन्याकडे बघायचा, दार लावायचा. कुकरच्या समोर उभा राहून शिट्टी वर उचलली जाते का ते डोळ्यांनी बघायचा. वहिनी ओट्यापाशी असायची आणि तिला कळायचं. एकदा ती म्हणाली, "झाली शिट्टी," तर त्यानं मान हलवली आणि तिथंच उभा राहिला, पुढची बघायला.

आणि मग एके दिवशी जेवताना म्हणाला, "मशीन बसवून घेतो म्हणतो कानाचं."

इतकी वर्षं मी त्याच्यामागे लागले होते. वहिनी लागली होती, डॉक्टर लागले होते. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी वहिनीच्या ताटाकडे पाहिलं, तिचा घास तसाच हातात होता.

आम्ही तिघं गेलो. छोटा दवाखाना, भिंती जाड स्पंजच्या, आत आपलाच श्वास मोठा वाटत होता. मशीन बसवणारी मुलगी हसरी होती. तिनं त्याच्या कानामागे ते बोटाएवढं यंत्र अडकवलं, कसलीशी बटणं दाबली, आणि त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. कारण म्हणाली, हे लोक ओठ वाचण्यात पटाईत असतात, चेहरा दिसला की खरी परीक्षा होत नाही. मग ती वहिनीला म्हणाली, "काकू, तुम्ही बोला. तुमचा आवाज त्यांच्या सवयीचा आहे. एखादं साधं वाक्य. काका, तुम्ही ऐकलेलं तसंच्या तसं म्हणून दाखवा."

वहिनी त्याच्या पाठीमागे उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. त्याच्या मानेकडे बघत ती हळू, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली,

"तुमचे हात अजून खरे आहेत. मीच खोटी."

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, तिला काय कळणार? भाऊ हलला नाही. मांडीवरचे हात तसेच मांडीवर. स्पंजच्या त्या खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता.

"काका? काय ऐकू आलं?"

"आवाज आला," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "शब्द नाही लागले."

"होतं असं पहिल्या दिवशी," मुलगी म्हणाली. "काकू, परत बोला. थोडं सोपं काहीतरी."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिनं बोटाचा पदर सोडवला आणि म्हणाली,

"संध्याकाळी जेवायला काय करू?"

"संध्याकाळी जेवायला काय करू, म्हणतेय," भाऊ लगेच म्हणाला.

मुलीनं टाळी वाजवली. "बघा! शब्द न् शब्द लागला की!"

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मुलीला वाटलं, आनंदानं.